वाकळेतले अपूर्णांक: चौथी-पाचवीच्या जोडवर्गाचं एक प्रकरण

फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून मी विचारलं, "यातलं मोठं कोणतं?" चौथी-पाचवीचा जोडवर्ग, वीस मुलं. निम्म्याहून जास्त हात १/४ साठी वर गेले. कारण विचारलं तर पाचवीतल्या एका मुलाने मलाच समजावलं, "बाई, चार तिनापेक्षा मोठं असत्यात की."

हा मुलगा सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. पाव किलो शेंगदाणे, अर्धा किलो गूळ, पाऊण किलो साखर बिनचूक तोलतो आणि पैसेही बरोबर घेतो. पाव हा अर्ध्याहून लहान असतो हे त्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. १/४ ला 'एक छेद चार' म्हणतात आणि त्यालाच पाव म्हणतात, हेही त्याला पाठ होतं. तरी फळ्यासमोर बसला की त्याला रेघेच्या वर एक आणि खाली चार एवढंच दिसायचं, आणि तो खालचे आकडे ताडून पाहायचा.

त्या दिवसापासून पुढच्या दोन-अडीच महिन्यांत वर्गात जे घडलं ते इथे मांडते आहे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, माणदेशातली तीन शिक्षकांची ही जिल्हा परिषद शाळा. मुलांची नावं मुद्दाम देत नाही.

पाव-अर्ध्याचं आपल्या भाषेतलं वैभव मोठं आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि मग साडेतीनपासून पुढचे सगळे साडे. गावातले एक आजोबा आजही पाऊणकी म्हणून दाखवतात. पाऊणची दुप्पट दीड, तिप्पट सव्वादोन, चौपट तीन, कुठेही न अडखळता. निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनची) असे पाढे त्यांच्या पिढीने घोकलेले. १९५७ साली दशमान नाणी आली, तरी रुपयाचे सोळा आणे आमच्या बोलण्यातून अजून गेलेले नाहीत. पीक बारा आणे आलं, काम चार आणे झालं, हे मुलं रोज ऐकतात. दुष्काळी तालुका असल्याने आणेवारी हा शब्दही त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही.

पण या सगळ्या शब्दांकडे नीट पाहिलं तर ते एकाच गोष्टीतून आलेले दिसतात. निम्मं करा, निम्म्याचं निम्मं करा. तिसऱ्या भागाला पाव-पाऊणसारखा सुटसुटीत, रोजच्या तोंडातला शब्द आमच्या मुलांकडे नाही. 'एक तृतीयांश' हा पुस्तकातला शब्द, आणि 'तिसरा हिस्सा' कानावर पडतो तो जमिनीच्या वाटणीत. त्यामुळे १/४ ला निदान पावाचा आधार होता, १/३ मात्र मुलांसाठी पूर्ण परका होता. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आधी मी केलेली चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. घरी रात्री बसून मी कार्डशीटच्या पट्ट्या कापल्या. अर्धा लाल, पाव निळा, तिसरा भाग हिरवा, आठवा पिवळा. कड अगदी सरळ, कुठे एक मिलिमीटर इकडे-तिकडे नाही. मुलं खूश. दोन निळ्या म्हणजे एक लाल, दोन पिवळ्या म्हणजे एक निळी, भराभर उत्तरं येऊ लागली. मला वाटलं, जमलं. आठवड्याने त्याच मापाच्या पट्ट्या पांढऱ्या कागदाच्या दिल्या आणि वर्ग गप्प झाला. मागच्या ओळीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, निळी कुठं हाय?"

मुलं रंग शिकली होती. एका गोष्टीचे समान भाग करायचे, ही अपूर्णांकातली खरी मेहनत. ती मी माझ्या घरी, माझ्या कातरीने, एकटीनेच करून टाकली होती. मुलांच्या वाट्याला फक्त जुळवाजुळव उरली.

डी.एड.ला असताना नई तालीमवर मी पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं. १९३७ ची वर्धा परिषद, गांधीजी, हस्तोद्योगातून शिक्षण, सगळं पाठ. शाळेत मात्र कार्यानुभवाची तासिका आणि गणिताची तासिका वेळापत्रकात दोन टोकांना ठेवून मी वर्षानुवर्षं शिकवत आले. कार्यानुभवात फुलं, तोरणं, राख्या. गणितात फळा.

पालकभेटीला एका घरी गेले तेव्हा ओसरीवर एक आजी वाकळ शिवत बसल्या होत्या. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. जुन्या नऊवारीचं अस्तर अंथरलेलं, त्यावर ठिगळं मांडलेली. पट्टी नाही, टेप नाही. अंगठा आणि करंगळी ताणून त्या वीत टाकत होत्या आणि मग चार बोटं आडवी ठेवून कापडावर नखाने खूण करत होत्या. मी विचारलं, "आजी, चार बोटंच का?" त्या म्हणाल्या, "वितीत बारा बोटं बसत्यात. चाराची तीन ठिगळं केली की वीत पुरी हुती, चिंधी वाया जात न्हाय."

वितीची बारा बोटं आणि हाताची चोवीस, हे जुनं माप. तिसरा भाग त्या आजींच्या पंजात होता. त्यांची नात माझ्या वर्गात १/३ पाहून गोंधळत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाने आपली वीत वहीवर आखली आणि आपल्याच बोटांनी मोजली. कुणाची साडेअकरा भरली, कुणाची बारा, एकाची पावणेबारा. हे साडे-पावणे मुलांनी आपणहून म्हटलं, मी नाही.

मग कागदाची वाकळ करायचं ठरलं. वीस मुलं, वीस चौरस, आडवे चार आणि उभे पाच. चौरसाचं माप ठरवताना मी पुन्हा चुकणार होते. हाताशी १० सेंटिमीटरचे घोटीव कागद होते, तेच घेतले. तिसरा भाग करायला गेलो तर ३.३३. दशांश अजून शिकवायचे होते. आजींच्या बारा बोटांची आठवण झाली आणि चौरस २४ सेंटिमीटरचा केला. बाराचा का नाही? बाराव्या भागाची पट्टी एक सेंटिमीटरची होते आणि आमच्या बोथट कातऱ्यांनी ती चौथीच्या मुलाला कापता येत नाही. चोवीसचे अर्धे बारा, तिसरा भाग आठ, पाव सहा, सहावा चार, आठवा तीन, बारावा दोन. सगळं पट्टीवर पूर्ण सेंटिमीटरात.

तळाला जुन्या कॅलेंडरची पानं, वरून घोटीव कागद आणि लग्नपत्रिकांचे रंगीत तुकडे, चिकटवायला मैद्याची खळ. मी फक्त दोन नियम सांगितले. एक, चौरस पूर्ण झाकला पाहिजे, फट नको आणि तुकड्यावर तुकडाही नको. दोन, आपल्या चौरसातले सगळे तुकडे सारखे हवेत आणि प्रत्येकाच्या मागे तो पूर्ण चौरसाचा कितवा भाग आहे ते लिहायचं. कुणी किती भाग करायचे याच्या चिठ्ठ्या टाकल्या. कातरी मुलांच्या हातात दिली आणि मी हात मागे घेतला. चुकीची घडी दिसत असताना गप्प राहणं मला सगळ्यात अवघड गेलं.

पहिल्याच दिवशी फटी दिसायला लागल्या. तीन भागांची चिठ्ठी आलेल्या एका मुलाने पत्राची घडी घालतात तशी घडी घातली, डोळ्याने बरी वाटली म्हणून कापली. चिकटवताना एक पट्टी नऊ सेंटिमीटरची, एक आठची, एक सातची. चौरस झाकला गेला, कारण बेरीज चोवीसच. तो म्हणाला, झालं. शेजारच्या मुलीची चिठ्ठीही तीनचीच होती. तिला रंग हवा म्हणून तिने त्याच्याकडून एक पट्टी घेतली आणि ती तिच्या चौरसाबाहेर बोटभर आली. "तुझं एक तृतीयांश मोठं हाय," ती म्हणाली. तो भांडायला उठला, "दोघांचंबी एक तृतीयांशच हाय!" मग त्यानेच आपल्या तीन पट्ट्या एकावर एक ठेवून पाहिल्या. बराच वेळ पाहत राहिला. नवा कागद मागायला आला तेव्हा मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊनच आला.

'समान भाग' ही व्याख्या पुस्तकात आहे. मी ती वीसदा सांगितली असेल. बाहेर आलेल्या त्या बोटभर कागदाने ती त्या मुलाला पटली.

त्याहून मोठं भांडण झालं ते पावावरून. चार भागांच्या चिठ्ठ्या तिघांना आल्या होत्या. एकाने उभ्या चार पट्ट्या केल्या, सहा-सहा सेंटिमीटरच्या. एकीने आडवी-उभी घडी घालून चार लहान चौरस केले. तिसरीने दोन्ही कर्ण दुमडले आणि चार त्रिकोण काढले. वाकळ मांडताना हे तीन चौरस शेजारी आले आणि वर्ग दोन गटांत फुटला. त्रिकोण मोठा दिसतो, कारण त्याचा पाया पूर्ण चोवीसचा. पट्टी सगळ्यात लांब, पण बारीक. "तिन्ही पाव कसं असतील? आकार येगळा हाय."

क्षेत्रफळाचं सूत्र चौथीला नाही आणि तिथे मला ते नकोही होतं. मी फक्त म्हटलं, "कातरी आहे ना." जिचा त्रिकोण होता तिने एक जादा त्रिकोण कापून घेतला आणि टोकापासून पायाच्या मध्यापर्यंत सरळ कापला. दोन लहान त्रिकोण हातात आले. ते तिने कितीदा तरी फिरवले, उलटे केले, एकदा पतंगासारखे ठेवले. मग एक पालटून तिरक्या कडेला तिरकी कड लावली आणि समोर चौरस तयार झाला. शेजारणीच्या लहान चौरसावर ठेवला तर कडेला कड. वर्गात एकदम कल्ला झाला. पट्टीवाल्याने तर विचारायचीही वाट पाहिली नाही. पट्टी मधोमध कापली, दोन्ही तुकडे शेजारी लावले आणि तोच बारा बाय बाराचा चौरस करून दाखवला.

या एका तासासाठी मी पुढची दहा प्रकरणं मागे ठेवायला तयार आहे. अभ्यासक्रम मागे पडला हे खरं, आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्याचं उत्तरही मला द्यावं लागलं. मी हे तीन पाव खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून तिथे घेऊन गेले होते.

वाकळ भिंतीवर लागली. त्यानंतरचा प्रश्न मात्र मी ठरवून विचारला. एका मुलीच्या चौरसात अर्धा लाल, अर्धा निळा. मी विचारलं, "लाल किती?" "अर्धा." "आणि पूर्ण वाकळेत तुझा लाल तुकडा कितवा भाग?" पुन्हा "अर्धा". कुणीतरी म्हणालं, "एवढ्या वाकळेत येवढुसा लाल, अर्धा कसा काय?" ती गोंधळली. तुकडा तोच, मागे स्वतःच्या हाताने १/२ लिहिलेलं. मग ती उठून भिंतीजवळ गेली आणि बोटाने प्रत्येक चौरसात मनातल्या मनात दोन तुकडे मोजत गेली. वीस चौरस, चाळीस तुकडे. "चाळिसावा," ती म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे वळून, "पण बाई, माझ्या चौरसात अर्धाच हाय हां."

कशाचा अर्धा, कशाचा पाव? पूर्ण कशाला धरलंय? फळ्यावरच्या १/२ मध्ये हा प्रश्न दिसतच नाही. माझ्या मते आमच्या मुलांच्या अपूर्णांकांच्या बहुतेक चुका इथे सुरू होतात, आणि पाठ्यपुस्तकातली गोल पोळ्यांची चित्रं एकाच मापाची असल्याने तो प्रश्न पडतही नाही. त्या दिवसापासून वर्गात नियम झाला, अपूर्णांक म्हटला की "कशाचा?" हे शेजाऱ्याने विचारायचंच. मुलं घरीही विचारू लागली. एक आई हसत तक्रार घेऊन आली, अर्धी भाकरी घे म्हटलं की पोरगा विचारतो, कोणत्या भाकरीची.

अंगणवाडीसाठी खरी, कापडाची वाकळ शिवायची कल्पना मुलांचीच. गावातल्या शिंप्याने चिंध्यांचं एक बोचकं दिलं, तीन आज्या शाळेत येऊन बसल्या. मुलांनी कागदाचीच मापं कापडावर घेतली. अर्ध्यासाठी बारा, पावासाठी सहा, आठव्या भागासाठी तीन. पहिली आठ पट्ट्यांची जोडणी धावदोऱ्याने शिवून झाली आणि चौरस पाहून मुलं हबकली. चोवीस सेंटिमीटरचं काहीच उरलं नव्हतं.

आजी म्हणाल्या, "कड आत मुडपायला कापड न्हाय सोडलं, तर काय उरंल?" प्रत्येक पट्टीची दोन्ही कडांनी एकेक सेंटिमीटर दुमड आत गेलेली. तीनची पट्टी एकाची झाली, आठ पट्ट्यांचे आठच सेंटिमीटर. मुलांनी मग सगळ्यांचा हिशोब मांडला. अर्ध्याचे दोन तुकडे शिवले की वीस उरतात, पावाचे चार शिवले की सोळा, आठव्याचे आठ शिवले की आठ. जितके तुकडे जास्त तितकं कापड शिलाईत जास्त गेलं. पाचवीच्या दोघींनी कापायची नवी मापं काढली, चौदा, आठ आणि पाच, आणि ती फळ्यावर लिहून ठेवली. हा भाग माझ्या आखणीत कुठेच नव्हता.

पाचवीला छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज असते. १/३ आणि १/४ मिळवा म्हटलं की दरवर्षी २/७ येतं, यंदाही आलं. या वेळी मी कागदाचा चौरस पुढे केला. त्यावर तिसऱ्या भागाची हिरवी पट्टी ठेवली, शेजारी पावाची पिवळी, आणि विचारलं, दोन्ही मिळून चौरसाचा कितवा भाग झाकला? हिरवी आठ सेंटिमीटरची, पिवळी सहाची. दोन्हींना नेमकी बसेल अशी लहान पट्टी शोधत मुलं दोनच्या पट्टीपाशी आली, म्हणजे बाराव्या भागापाशी. हिरवीत चार बसल्या, पिवळीत तीन. एकाने फळ्यावर ७/१२ लिहिलं, आणि पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "सातबारा!"

सगळा वर्ग हसला, मीही हसले. मग सांगितलं की तो सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा, दोन नमुन्यांचे क्रमांक शेजारी लिहिलेले, तिथली तिरकी रेघ अपूर्णांकाची नव्हे. हसणं थांबल्यावर पाचवीतल्या एका मुलाने गंभीरपणे विचारलं, "बाई, आमच्या सातबाऱ्यावर चार नावं हायती. म्हंजी प्रत्येकाचा पाव?" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण त्याआधीच तीन नऊ-आठ-सातच्या पट्ट्या कापणारा तो मुलगा म्हणाला, "भाग सारखं असतील तरच."

महिन्याभराने पांढऱ्या कागदावर चाचणी घेतली. १/३ मोठा की १/४, यात आता बहुतेक मुलं चुकत नाहीत, आणि चुकली तर कागद दुमडून स्वतःच दुरुस्त करतात. समान भाग आणि पूर्ण कोणता, या दोन गोष्टी पक्क्या झाल्या असं मी म्हणेन. चार-पाच मुलं अजून अडतात, विशेषतः २/३ आणि ३/५ सारख्या जोडीत. पाच आमच्या चोवीसमध्ये बसत नाहीत. एकीने हट्टाने पाचवा भाग करून पाहिला, ४ सेंटिमीटर ८ मिलिमीटर, आणि तिला तो जमलाही, पण बाकीच्यांनी तिथे सोडून दिलं. एक मुलगी हाताने सगळं अचूक करते आणि लिहायला सांगितलं की अंश-छेद उलटे लिहिते. तिच्यासाठी काय करावं ते मला अजून सापडलेलं नाही. दोन मुलं मेंढपाळांच्या घरची, ती मेंढरांबरोबर निघून गेली. त्यांचे चौरस भिंतीवर आहेत.

पुढच्या वर्षी हे पुन्हा करणार आहे. मोजपट्टी उशिरा आणेन, वीत आधी घेईन. दोन चौरस मुद्दाम ३० सेंटिमीटरचे करेन, म्हणजे पाचवा भाग सहाचा येईल आणि दहावा तीनचा. कापडाचं काम घाईत उरकणार नाही.

दुकानातल्या मुलाला मी परवा विचारलं, "एक किलो साखर तिघांना सारखी वाटायची. प्रत्येकाला किती तोलशील?" त्याने वजनं मनातल्या मनात लावली. दोनशे, शंभर, मग थांबला. "तसं वजनच न्हाय, बाई." मग वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. "तीनशे तेहतीस. आणि एक गरॅम उरतुया." थोडा वेळ पेन्सिल चावत बसला. "त्या एकाचं बी तीन भाग करायचं."